वीस किलोंचा पिट्टू, तीन-साडेतीन वॅट

सैनिकाच्या अंगावरची वीज वॅटमध्ये मोजून भागत नाही, ती किलोत मोजावी लागते. हातातला ५ वॅटचा वॉकीटॉकी बोलताना बॅटरीतून दहा-अकरा वॅट ओढतो, नुसता ऐकत असला तर अर्ध्या वॅटच्या आसपास. जीपीएस, टॉर्च, रात्री बघायची दुर्बीण ही किरकोळ गिऱ्हाइकं. नकाशाचा टॅब्लेट मात्र खादाड. अमेरिकी पायदळात तीन दिवसांच्या मोहिमेला निघालेल्या जवानाच्या ओझ्यात सात-आठ किलो नुसत्या बॅटऱ्याच भरतात, असा आकडा या विषयात नेहमी दिला जातो. मग माणूस चालतोच आहे तर चालण्यातूनच वीज का काढू नये, हा प्रश्न साहजिक आहे. आम्ही धुळ्यात असा पिट्टू, म्हणजे वीज बनवणारी सैनिकी पाठपिशवी, बांधला आणि खान्देशच्या रस्त्यांवर चालवून पाहिला. तो कसा बांधला, कुठे अडतो आणि का अडतो, ते खाली लिहिलं आहे. बांधणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: या यंत्रात विजेचा प्रत्येक निर्णय खांद्याला कळतो. सर्किटमध्ये रेझिस्टर बदलला की चालणाऱ्याची चाल बदलते.

आधी जागा ठरवावी लागते: बूट, गुडघा की पाठ. बुटाचा मोह सगळ्यांना होतो, कारण हिशेब मोठा गोड दिसतो. ६८ किलोंचा माणूस, टाच ५ सेंमी खाली येते, सेकंदाला दोन पावलं. गुणाकार केला तर ६७ वॅट. अंगावरच्या संगणकांवर काम करणाऱ्या थॅड स्टार्नर यांनी १९९६ साली हाच हिशेब मांडला होता. पण टाच खरोखर ५ सेंमी दाबू दिली तर माणूस वाळूत चालल्यासारखा थकतो, आणि बुटाचा सोल जेमतेम काही मिलिमीटर दबतो. एमआयटीच्या मीडिया लॅबने बुटात पिझो, म्हणजे दाबल्या-वाकवल्यावर वीज देणाऱ्या, पट्ट्या बसवल्या तेव्हा टाचेखालच्या सिरॅमिक पट्टीने सरासरी ८.४ मिलिवॅट दिले, पंज्याखालच्या प्लास्टिक पिझोने १.३ मिलिवॅट. सहा तास चाललं तर ८.४ मिलिवॅटचे होतात ०.०५ वॅट-तास. मोबाईलची बॅटरी साधारण १५ वॅट-तासांची. म्हणजे एका चार्जिंगला तीनशे दिवस रोज सहा तास चालायचं. बझरमधल्या २७ मिमीच्या पितळी चकत्या सोलखाली चिकटवून एलईडी लुकलुकवणारे प्रकल्प दरवर्षी प्रदर्शनात येतात. एलईडी लुकलुकतो हे खरं, पण त्या चकत्यांचा सिरॅमिक थर थोड्याच चालण्यात तडकतो, कारण त्या वाकण्यासाठी बनलेल्या असतात आणि टाच त्यांना चिरडते. बूट आम्ही तिथेच सोडला.

गुडघ्याचं तत्त्व फार सुंदर आहे. चालताना पाय पुढे झोकला की शेवटी त्याला थांबवायला मांडीमागचे स्नायू ब्रेक लावतात. ब्रेकचं हे काम जनरेटरवर सोपवलं तर वीज जवळजवळ फुकट पडते. मॅक्स डोनेलन यांच्या गटाने २००८ साली कॅनडात हे करून दाखवलं: प्रत्येक पायाला १.६ किलोंचा पट्टा, दोन्ही मिळून सुमारे ५ वॅट, आणि चालणाऱ्याला पडणारा जादा खर्च अगदी नगण्य. त्यातली सगळी करामत वेळेत आहे. जनरेटर फक्त पाय सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात जोडायचा, बाकी वेळ मोकळा. क्षणभर आधी जोडला तर स्नायूच जनरेटर फिरवायला लागतात आणि फुकटची वीज महाग होते. उतारावर तर पाय जमिनीवर असतानाही गुडघा ब्रेकच लावत असतो, त्यामुळे तोरणमाळचा घाट उतरणाऱ्याला हे यंत्र सपाटीपेक्षा जास्त देईल. अडचण मापाची आहे. पट्टा प्रत्येकाच्या मांडी-पोटरीला बेतून शिवावा लागतो, घामाने तो खाली सरकतो, आणि सांधा जरा जरी अक्षाबाहेर गेला तरी गिअरपेटीचा जोर कातडीवर येतो. शिवाय पायाच्या टोकाकडचं वजन चालणाऱ्याला पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी महाग पडतं. सामान्य वर्कशॉपमध्ये बांधायला आणि कुणाच्याही पाठीला लावायला पिट्टूच सोयीचा.

पिट्टूची कल्पना लॅरी रोम यांची, पेनसिल्वेनिया विद्यापीठातली, २००५ सालची. ओझं सांगाड्याला घट्ट न बांधता स्प्रिंगवर टांगायचं. चालताना कंबर प्रत्येक पावलाला चार ते सात सेंमी वर-खाली होते. सांगाडा कंबरेबरोबर हलतो, टांगलेलं ओझं मागे रेंगाळतं, आणि दोघांतल्या फरकाच्या हालचालीने जनरेटर फिरतो. त्यांना २० ते ३८ किलोंच्या ओझ्यावर जास्तीत जास्त ७.४ वॅट मिळाले. हा कमाल आकडा आहे, जड ओझं आणि झपाट्याची चाल यांचा. बातम्यांमध्ये तोच सरासरी म्हणून छापला जातो.

आमचं ओझं २० किलो. वाळूची पोती वापरू नयेत. वाळू हलते, गुरुत्वमध्य सरकतो आणि दोन चाचण्या जुळत नाहीत. व्यायामशाळेतल्या ५ किलोंच्या चार लोखंडी चकत्या एका फळीला बोल्टने आवळल्या की प्रश्न मिटतो.

स्प्रिंगचा हिशेब साधा, पण सगळं यावर उभं आहे. कडकपणा म्हणजे वस्तुमान गुणिले (६.२८ × वारंवारता) चा वर्ग. तासाला पाच-साडेपाच किमीच्या चालीत सेकंदाला १.८ ते २ पावलं पडतात. टांगलेल्या ओझ्याची स्वतःची वारंवारता याच आकड्यावर आली तर अनुनाद होतो: ओझं उसळतं, वरच्या-खालच्या थांब्यांवर आपटतं आणि खांद्यांना धक्के बसतात. म्हणून ती खाली, सेकंदाला १.५ इतकी ठेवायची. २० किलोंसाठी कडकपणा येतो १,७७६ न्यूटन प्रति मीटर, आणि नुसतं टांगल्यावर ओझं ११ सेंमी खाली लोंबतं. हा लोंब न सोडता कडक स्प्रिंग घालायचा मोह होतो, कारण सांगाडा लहान राहतो. मग मात्र वारंवारता वर सरकते आणि अनुनादाच्या तोंडी जाते.

दोन टेन्शन स्प्रिंगा समांतर लावल्या, प्रत्येकी ८९० न्यूटन प्रति मीटरच्या. तार ३ मिमी, वेटोळ्याचा मध्यव्यास २५ मिमी, वेटोळी ५७-५८. मिटलेल्या अवस्थेत स्प्रिंगचं अंग सुमारे १७ सेंमी, वजन पाव किलो. म्हणजे दोन्ही मिळून अर्धा किलो लोखंड, नुसतं टांगायला. इलॅस्टिकची बंजी दोरी याच्या पाचव्या भागाच्या वजनात काम करते; रोम यांच्याच गटाने २००६ साली वीज न काढता फक्त बंजीवर ओझं टांगून चालणाऱ्याचा त्रास कमी होतो हे दाखवलं आहे. पण बंजी ताणताना जितकी ऊर्जा घेते तितकी परत देत नाही, आणि आपल्या मे महिन्यात उन्हात ती सैल पडत जाते. सकाळचा ११ सेंमीचा लोंब दुपारी वाढलेला असतो. स्टीलची स्प्रिंग उन्हाला दाद देत नाही. तिचा कच्चा दुवा हुकाच्या वळणात आहे. तारेचा ताण तिथे सगळ्यात जास्त असतो आणि ती नेहमी तिथूनच तुटते. हुक वळवून घेण्याऐवजी टोकाच्या वेटोळ्यांत चुडीचा बोल्ट फिरवून बसवावा, आयुष्य लक्षणीय वाढतं.

आता खास खान्देशी अडचण. उन्हाळ्यात माणूस सकाळी सहा लिटर पाणी घेऊन निघाला की दुपारपर्यंत ते पोटात गेलेलं असतं. २० किलोंचं ओझं १४ वर येतं. त्याच स्प्रिंगवर लोंब ११ वरून ७.७ सेंमी होतो आणि वारंवारता १.५ वरून १.७९ वर चढते, म्हणजे बरोबर पावलांच्या गतीला जाऊन भिडते. सकाळी मऊ चालणारा पिट्टू दुपारी उसळायला लागतो तो यामुळे. बेअरिंगं बिघडली म्हणून उघडून बसू नये. उपाय दोन. एक, पाणी टांगलेल्या भागात न ठेवता सांगाड्याला घट्ट बांधायचं, म्हणजे पाणी संपलं तरी हलणारं वजन तेवढंच राहतं. दोन, तिसरी हलकी स्प्रिंग पिनने लावता-काढता येईल अशी ठेवायची. पहिला उपाय चांगला, पण हलणारं वजन कमी म्हणजे वीज कमी. आम्ही निम्मं पाणी आत, निम्मं बाहेर असा सौदा केला.

सरकपट्टीसाठी बहुतेक जण छोट्या रेल आणि गोळ्यांची बेअरिंगं घेतात, कारण ती थ्रीडी प्रिंटरमुळे सहज मिळतात. कापसाच्या शेताच्या बांधावरून एक फेरी मारली की त्यांत काळ्या मातीची धूळ जाते, गोळ्या अडतात आणि ओझं टप्प्याटप्प्याने सरकतं. ग्रीस लावलं तर धूळ चिकटून पॉलिश पेपरसारखा लेप तयार होतो. १६ मिमीच्या कडक अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियम नळ्यांवर कोरडे चालणारे पॉलिमर बुश, म्हणजे प्लास्टिकच्या सरकत्या कड्या, बसवले की हा त्रास संपतो. घर्षण थोडं जास्त, पण ते रोज सारखंच राहतं. ग्रीस अजिबात नाही, फडक्याने पुसायचं. बुश अडकू नयेत म्हणून एक नियम पाळावा: ओझ्याचा गुरुत्वमध्य नळ्यांपासून जितका मागे, त्याच्या निम्म्यापेक्षा वरच्या-खालच्या बुशांतलं अंतर कमी असता कामा नये. आमचा गुरुत्वमध्य १५ सेंमी मागे होता, बुशांत २० सेंमी ठेवले. वजनासाठी हे अंतर कमी केलं की ओझं ड्रॉवर तिरका अडकावा तसं अडकतं.

गिअरची बाजू. ओझं आणि सांगाडा यांतला फरकाचा प्रवास ४ सेंमी धरला तर सरासरी वेग येतो सेकंदाला साधारण १४ सेंमी. जनरेटरसाठी ही गोगलगायच. रॅक आणि पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चाक, लावलं तर धातू धातूवर वाजतो आणि रात्रीच्या शांततेत लांबवर ऐकू जातो. सैनिकाच्या पाठीवर असला आवाज चालणार नाही. त्याऐवजी ३ मिमी पिचचा दातेरी पट्टा वर-खाली सांगाड्याला आवळला आणि हलत्या भागावरच्या २० दात्यांच्या पुलीला दोन आयडलरमधून, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या चाकांमधून, वळसा दिला. पुलीची त्रिज्या साडेनऊ मिमी पडते. पुढे २५ पट ग्रहीय गिअरपेटी, आणि जनरेटर सरासरी मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. जनरेटर, गिअरपेटी, बॅटरी ही सगळी वजनं हलत्या भागावर ठेवायची. त्यांचं ओझं टळत नाही, निदान वीज बनवायला तरी त्यांचा हातभार लागतो.

इथे एक छुपा शत्रू आहे: रोटरचं, म्हणजे जनरेटरच्या फिरत्या भागाचं, जडत्व. लहान रोटरचं जडत्व २० ग्रॅम-वर्ग सेंमी असतं, हातात घेतलं तर काहीच नाही. पण २५ पट गिअरमागे ते २५ च्या वर्गाने, म्हणजे ६२५ पट वाढतं, आणि साधारण १० मिमी त्रिज्येच्या पुलीवर ते साडेबारा किलोंच्या वस्तुमानाइतकं भासतं. ओझं प्रत्येक पावलात दोनदा दिशा बदलतं, म्हणजे हा अदृश्य साडेबारा किलोंचा गोळा सेकंदाला जवळजवळ चार वेळा थांबवून उलटा फिरवायचा. वीज मिळत नाही, दातांना मार बसतो आणि आधी केलेला वारंवारतेचा सगळा हिशेब कोलमडतो. गिअरचं गुणोत्तर वाढवून जास्त व्होल्ट काढायला जाणाऱ्याला हे फार लवकर भेटतं.

त्यावर उपाय म्हणजे यांत्रिक रेक्टिफायर. येणाऱ्या शाफ्टवर दोन गिअर, दोघांच्या पोटात एकाच दिशेने पकडणारं बेअरिंग, पण दिशा एकमेकांच्या उलट. एक गिअर बाहेरच्या शाफ्टला थेट भिडतो, दुसरा मधल्या आयडलरमार्फत. ओझं वर जावो की खाली, बाहेरचा शाफ्ट एकाच दिशेने फिरत राहतो आणि रोटरचं जडत्व शत्रू न राहता फ्लायव्हीलचं काम करतं. एचएफ ०८१२ ही ८ मिमी शाफ्टची सुईबेअरिंगं वापरली. त्यांना आतली रिंग नसते, सुया थेट शाफ्टवर पकडतात. त्यामुळे शाफ्ट टणक केलेला हवा, रॉकवेल सी मापावर ५८ किंवा जास्त. नेहमीची ब्राइट बार वापरली तर सुया तिच्यावर चरे पाडतात आणि काही तासांत बेअरिंग दोन्ही दिशांना घसरायला लागतं. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त वॅटमीटर खाली जातो. गिअर अ‍ॅसिटलचे घेतले. धातूच्या मानाने आवाज बराच कमी.

मोटार निवडताना ड्रोनच्या मोटारी स्वस्त दिसतात, पण त्यांचा आकडा व्होल्टला हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. साडेतीन हजार फेऱ्यांना साडेतीन व्होल्ट, त्यातला एक व्होल्ट डायोडच खाणार. व्होल्टला २०० फेऱ्यांची ब्रशलेस मोटार घेतली तर १७ व्होल्ट मिळतात. गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या, मोटारी या आकड्यात बसतात, पण त्यांच्या गुंडाळीचा रोध कित्येक ओहम असतो आणि वीज गुंडाळीतच तापून जाते. विकत घेण्याआधी दोन तारांमधला रोध मोजावा. अर्ध्या ओहमच्या आत असेल तर उत्तम.

तीन फेज, सहा शॉट्की डायोडांचा पूल, १ एन ५८२२ चालतात. पुढे कपॅसिटर. अर्ध्या पावलाला साधारण १ ज्यूल ऊर्जा येते, आणि १५ व्होल्टला २,२०० मायक्रोफॅरडमध्ये मावतो पाव ज्यूल. इतका छोटा कपॅसिटर लावला की व्होल्टेज प्रत्येक पावलाला खालीवर नाचतं आणि चार्जर चालू-बंद होत राहतो. ४,७०० चे दोन, ३५ व्होल्टचे, समांतर लावावेत.

चार्जरचा भाग सगळ्यात शिकवणारा. इथे साधा बक, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, कन्व्हर्टर लावला तर यंत्र चालतच नाही, आणि का चालत नाही ते बेंचवर कळत नाही, कारण बेंचवर पॉवर सप्लाय ताकदवान असतो. कन्व्हर्टरला ठरलेली वीज हवी असते. येणारं व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो, जास्त करंटने जनरेटरला ब्रेक लागतो, व्होल्टेज आणखी पडतं, आणि दोन पावलांत सगळं शून्यावर येऊन बसतं. खांद्याला हे अचानक घट्ट झालेल्या ओझ्यासारखं जाणवतं. म्हणून सोलर पॅनलसाठीचा चार्जर घ्यावा, ज्यात येणारं व्होल्टेज एका ठरावीक आकड्याखाली जाऊ न देण्याची सोय असते. सोलरच्या दुकानात मिळणारा सीएन ३७२२ चा बोर्ड तीन सेलच्या १२.६ व्होल्ट पॅकला चालतो. त्यावरच्या दोन रेझिस्टरांनी हा आकडा ठरतो. आम्ही १५ व्होल्टवर ठेवला.

हे १५ व्होल्ट म्हणजे खांद्याचा स्क्रू समजावा. आकडा वाढवला तर जनरेटर जास्त वेगाने फिरल्याशिवाय करंट देत नाही, ओझं मोकळं हिंदकळतं. कमी केला तर प्रत्येक पावलाला आधीच ब्रेक लागतो, ओझं सांगाड्याबरोबर घट्ट हलायला लागतं आणि टांगण्याचा फायदाच जातो. चालणाऱ्याला न सांगता आकडा बदलून बघितलं तर तो नेमका फरक सांगतो, तोही वॅटमीटर बघायच्या आत. उंच आणि जलद चालणाऱ्याला जरा वरचा आकडा मानवतो. यात आणखी एक मेख आहे: १५ व्होल्टसाठी ३,००० फेऱ्या लागतात. चाल मंदावली, फेऱ्या त्याखाली गेल्या, की वीज थोडी कमी होत नाही, एकदम बंद होते. पावसाळ्यात चिकट काळ्या मातीतून चालताना बुटाला ढेकळं चिकटतात, पाऊल जड होतं, आणि वॅटमीटरवर सलग शून्य दिसतं. व्होल्टेज चढवणारा आणि उतरवणारा असा दोन्ही कामांचा कन्व्हर्टर घातला तर हा उंबरठा खाली येतो, पण त्याचा स्वतःचा खर्च वाढतो. आमच्या मते सपाटीच्या मुलखात तो नको.

बॅटरी भरली की काय होतं, हा प्रश्न बहुतेक आराखड्यांत कुणी विचारत नाही. चार्जर करंट घ्यायचा थांबतो, ब्रेक नाहीसा होतो आणि २० किलोंचं ओझं मोकाट उसळून थांब्यांवर आपटतं. त्याच वेळी व्होल्टेज चढून चार्जरच्या मर्यादेपलीकडे जातं. म्हणून वाया घालवायचा भार हवाच: २२ व्होल्टला जोडला जाणारा आणि १९ ला सुटणारा कंपॅरेटर (व्होल्टेज तोलणारं सर्किट), एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि २७ ओहमचा २५ वॅटवाला अ‍ॅल्युमिनियम कवचाचा रेझिस्टर. २२ व्होल्टला तो १८ वॅट रिचवतो. त्याला सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूला बसवावा. पाठीकडे बसवला तर शर्ट भाजतो.

उष्णता. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हे सेलच्या माहितीपत्रकात असतंच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतली हवाच ४४-४५ ला पोहोचते, उन्हातल्या गडद हिरव्या कापडाखाली आणखी बरंच वर. सेलला चिकटवलेला एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा रेझिस्टर, चार्जिंग तोडतो आणि ऐन दुपारी सगळी वीज त्या २७ ओहममध्ये जाते. थर्मिस्टर काढून टाकायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नये. पाठीवरचा पॅक फुगणं ही गंमत नाही. बॅटरी बाहेरच्या खिशातून काढून पाठ आणि ओझं यांच्यामधल्या फटीकडे आणली. मे महिन्यात माणसाचं अंग ३५-३६ अंशांचं, म्हणजे हवेपेक्षा थंड, शिवाय घामाने ओलं. आणि ओझं वर-खाली होताना ती फट भात्यासारखी हवा खेळवते. बाहेरून १० मिमी अंतर ठेवून दुसरा कापडी थर शिवला. एवढ्याने सकाळी आणि संध्याकाळी चार्जिंग बराच जास्त वेळ चालू राहतं. भर दुपारी मात्र नाहीच. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जास्त सोसतं, पण त्याच वॅट-तासांना वजन जास्त.

मोजमाप. पाठीवरच्या हालचालीतून ब्रेकमार्फत सात-आठ वॅट यांत्रिक शक्ती काढता येते. गिअर ७० टक्के, जनरेटर ७५, डायोड ९३, चार्जर ८८. गुणाकार ४३ टक्के. बॅटरीत पडतात तीन-साडेतीन वॅट. धुळ्यात पांझरेकाठच्या सपाट रस्त्यावर, ठेक्यात चालणाऱ्या माणसाकडून हेच मिळतं. लळिंगचा किल्ला चढताना पावलं लहान आणि अनियमित पडतात, वीज निम्म्यावर येते. उतरताना ओझं आपल्याला पुढे ढकलतं, दगडावर पाय शोधताना मागे २० किलो हलत असणं धोक्याचं असतं. त्यासाठी एका हाताने ओढता येणारी अडकपिन लागते: चढ, उतार, सरपटणं, पळणं, नेम धरणं, यांतलं काहीही आलं की ओझं सांगाड्याला घट्ट. पिन खांद्यावरच्या पट्ट्याजवळ हवी, कंबरेमागे नको.

चालणाऱ्याला खर्च किती पडतो हे श्वासाच्या मुखवट्याशिवाय नेमकं मोजता येत नाही. गावपातळीवर जमतं ते असं: ट्रेडमिलवर एकाच वेगाने पंधरा मिनिटं पिन लावून, पंधरा मिनिटं ओझं मोकळं पण जनरेटर तोडून, पंधरा मिनिटं जनरेटर जोडून, आणि छातीच्या पट्ट्याने नाडी. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा, नाहीतर थकवाच मोजला जातो.

आता किलोचा हिशेब. सांगाडा, नळ्या, स्प्रिंगा, गिअरपेटी, जनरेटर आणि सर्किट मिळून साध्या पिट्टूपेक्षा जादा वजन २.८ किलो. कवचासकट बॅटरी पॅक किलोला १५० वॅट-तास धरला, तर तेवढ्याच वजनात ४२० वॅट-तास मावतात. पिट्टू रोज सहा तास चालून देतो सुमारे २० वॅट-तास. म्हणजे बॅटऱ्यांशी बरोबरी व्हायला एकवीस दिवस, मध्ये रसद न घेता. चाचणीला पिट्टू वाहणाऱ्या एकाने हे गणित न करताच विचारलं, "बठ्ठं वजन ते आपलीच पाठवर शे ना भो?" तीन दिवसांच्या मोहिमेला हे यंत्र घेऊन जाणं म्हणजे शुद्ध हमाली, आणि कुणी तसं विकत असेल तर त्याला किलो विचारावेत. याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ६६० वॅट-तास अन्नऊर्जा असते. स्नायूंची २५ आणि यंत्राची ४३ टक्के कार्यक्षमता धरूनही सत्तरेक वॅट-तास उरतात, आणि त्याच वजनाची बॅटरी देते १५. पण हा फायदा मिळतो तो यंत्राचं वजन एकदा फिटल्यावर.

म्हणून पुढचं सगळं काम वजनावर चाललं आहे. स्प्रिंगांऐवजी सावलीत झाकलेली बंजी: ४०० ग्रॅम वाचतात, पण दर आठवड्याला लोंब मोजून दोरी आवळावी लागते. नळ्या ४५ सेंमीवरून ३८ सेंमीवर आणता येतात. गिअरपेटीचं धातूचं कवच काढून थ्रीडी छापील नायलॉनचं केलं तर आणखी दीडेकशे ग्रॅम जातात. पीएलएचं करू नये, ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत शाफ्टची रेषा बिघडते.

एक जागा मात्र वजन वाढवून घ्यायची आहे. हलत्या बॅटरीकडून जवानाच्या जाकिटातल्या वॉकीटॉकीकडे जाणारी तार प्रत्येक पावलाला वाकते, सेकंदाला १.९ पावलांनी सहा तासांत ४१,०४० वेळा. पीव्हीसीची तार एकाच ठिकाणी वाकून आतल्या आत तुटते, वेष्टन शाबूत असतं आणि दोष चालतानाच दिसतो, उभं राहिलं की वीज परत येते. बारीक धाग्यांची सिलिकॉन तार घ्यावी, किमान पाच सेंमी त्रिज्येचा इंग्रजी यू अक्षरासारखा वळसा द्यावा, दोन्ही टोकं सोल्डरच्या जागेपासून तीन सेंमी अलीकडे पकडावीत, आणि मध्ये ओढल्यावर सुटणारा कनेक्टर ठेवावा. पिट्टू टाकून पळायची वेळ आली तर तारेने जवानाला धरून ठेवू नये.